टिकल्यांचा नकाशा

धुऊन पालथ्या घातलेल्या वाट्यांच्या चळतीवरून एक वाटी घसरली आणि फरशीवर गोल गोल फिरत राहिली. मी श्वास धरून बसले. ओसरीत बावीस पोरं दोन ओळींत झोपली होती. वाटी फिरता फिरता मंदावली, थरथरली आणि बसली. पंचफुलाच्या अंकितनं ओठ हलवले, रडावं की नाही याचा विचार केला आणि अंगठा परत तोंडात घातला. तेव्हा कुठं मी मोबाईल उघडला.

दुपारी एक ते अडीच, एवढाच वेळ माझा. त्याआधी खिचडी, हातपाय धुणं, कुणाचं नाक, कुणाची चड्डी. त्यानंतर एकेक उठायला लागतं आणि पाच साडेपाचला त्यांच्या आया कापूस वेचून येतात. ओटीच्या फडक्याला, केसांना पऱ्हाटीचा पाचोळा, बोंडांच्या टोकांनी बोटं चिरलेली. तशाच बोटांनी त्या लेकरांची तोंडं कुरवाळतात. लेकरं खरखरीत हात ओळखतात, मऊ हाताला रडतात. हे मी रोज पाहते.

हे पाळणाघर आमच्याच घरात चालतं. गावातल्या बाया त्याला 'पोट्टे ठेवाचं घर' म्हणतात. माझ्या सासऱ्यांनी, बापूरावांनी, ते अकरा वर्षांपूर्वी काढलं. मी त्यांना मामाजी म्हणते. ते तेव्हा ग्रामपंचायतीत चपराशी होते. एका दुपारी ते डोमाजीच्या मळ्याकडून येत होते. पंचफुलानं धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीला झोळी बांधून तिची थोरली, नऊ महिन्यांची रंजिता, तीत निजवली होती. झोळीची गाठ सुटली. पोरगी खाली आली आणि रांगत निघाली ती थेट विहिरीकडे. विहिरीला कठडा नव्हता. मामाजींनी तिच्या पायाला धरलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्या ओसरीतला कडबा बाहेर काढला आणि जागा सारवली. रंजिता आता सहावीत आहे.

इतकी वर्षं नागपूरचे एक म्हातारे डॉक्टर आणि त्यांची बायको सगळा खर्च करत होते. गेल्या पावसाळ्यात डॉक्टर वारले. दिवाळीनंतर त्यांच्या मुलांचं पत्र आलं. भाषा अदबीची होती. मार्चपर्यंत देऊ, पुढे जमणार नाही. म्हणजे एप्रिलपासून ही बावीस पोरं पुन्हा धुऱ्यावर.

मामाजी घाबरले नाहीत. त्यांनी अर्ज लिहायला घेतले. ते सांगत आणि माझं अक्षर बरं म्हणून मी लिही. तीन फाउंडेशनांना तीन जाडजूड पाकिटं रजिस्टर पोस्टानं गेली. आत मामाजींच्या सत्काराचे फोटो, शाल आणि नारळासकट. सरपंचाचं शिफारसपत्र. आणि विषय: सभागृह बांधून मिळणेबाबत. आमच्या भागात मदत करायला कुणीही आला की त्याला आधी सभागृह मागायचं अशी रीतच आहे. मामाजींचं म्हणणं, एकदा स्लॅब पडला की काम कुणाच्या बापाला बंद करता येत नाही. एका ठिकाणाहून दोन ओळींचा नकार आला, दुसरीकडून काहीच नाही, आणि तिसरं पाकीट न फोडताच परत आलं.

माझी कॉलेजातली मैत्रीण मोहिनी सेवाग्रामला एका संस्थेच्या ऑफिसात आहे. मी तिला फोन केला. तिनं ऐकून घेतलं आणि हसली.

"भावना, तुमी त्यायले काय पाहिजे ते पाह्यलंच नाई. प्रत्येकाचा दरवर्षीचा अहवाल असते. पुढची पानं त्यायले काय आवडते ते सांगतात. मागच्या पानाईवर त्यायनं कोणाले देलं त्याची यादी असते. तू मागून वाच."

म्हणून मी मागून वाचायला लागले.

अहवाल इंग्रजीत, एकेक शंभर सव्वाशे पानांचा, आणि माझ्या मोबाईलची काच एका कोपऱ्यात फुटलेली. यादीतलं नाव दोन बोटांनी मोठं करावं तर त्याच्यापुढचा गावाचा रकाना पळून जाई. गाव शोधावं तर नाव हरवे. जुन्या हजेरीपटाच्या मागच्या कोऱ्या पानांवर मी रकाने आखले. संस्था, गाव, कशासाठी, किती वर्षं. एका दुपारी सात-आठ नावं होत. एका दुपारी अंकित माझ्या मांडीवरच ओला झाला आणि सातारा जिल्हा सगळा पसरला. तो पुन्हा लिहिला.

पहिलं फाउंडेशन दहा वर्षं फक्त शाळांना कॉम्प्युटर देत होतं. ते मी खोडलं. दुसऱ्याची सगळी गावं मुंबईच्या आसपास. तेही खोडलं. तिसरं पुण्याचं. त्याचं नाव एवढं लांब होतं की घरात सगळे त्याला 'पुणेवाले' म्हणू लागले. पुणेवाल्यांच्या नऊ वर्षांच्या यादीत मजूर बायांची पाळणाघरं होती, ऊसतोडीवरची, वीटभट्टीवरची. मदतनीसांचा पगार, पोरांचं खाणं, औषधं. सभागृह एकही नव्हतं. भिंतसुद्धा नव्हती.

मी ते संध्याकाळी ओट्यावर मामाजींना सांगितलं. त्यांचं पाकीट न फोडता परत पाठवणारे पुणेवालेच, हे सांगितलं नाही, ते त्यांना माहीत होतं.

"कागद वाचून माणूस समजते का व?" मामाजी म्हणाले.

"माणूस नाई समजत जी. त्यायनं कशाले पैसा देला ते समजते."

 इतके दिवस मी त्यांच्या शब्दांना अक्षर देत होते, आता मीच त्यांना खोडत होते. माझे यजमान नागसेन तेवढ्यात हिंगणघाटच्या जिनिंगमधून आले. केसांत, भुवयांवर कापसाचे तंतू, म्हातारे दिसत होते. त्यांनी सायकल टेकवतानाच सगळं ऐकलं.

"शाल पाहून कोणी पैसे देत असतं बाबा, तं आपल्या गावातले अर्धे लखपती झाले असते."

कांताबाई, माझ्या सासूबाई, चुलीपाशी तोंडावर पदर धरून हसल्या. मामाजी उठून आत गेले. मला त्या हसण्याचं वाईट वाटलं. सत्काराची तीच शाल पांघरून काजल, माझी लेक, थंडीत झोपते.

नावं गोळा झाली, पण त्यांतून काही उलगडेना. पुणेवाल्यांच्या वेबसाइटवर अर्जाचा फॉर्म होता. कुणीही भरू शकतो, असं वर लिहिलेलं. मग एवढ्या थोड्या संस्था का? आणि याच का? दोन दुपारी मी त्या पानांकडे नुसती पाहत बसले.

ओसरीच्या भिंतीवर महाराष्ट्राचा नकाशा आहे, पोरांसाठी लावलेला, आणि पोरांनी हात पुरेल तिथपर्यंत कोकण फाडून टाकलेलं आहे. तिसऱ्या दुपारी मी माझं टिकल्यांचं पाकीट काढलं. पहिल्या तीन वर्षांतल्या संस्थांना लाल, पुढच्या तीनला हिरवी, मग निळी. काजल पाच वर्षांची आहे आणि दुपारी झोपायचं नाही असं तिनं ठरवलेलं आहे. मी गाव दाखवत होते, ती जिभेचं टोक बाहेर काढून टिकली दाबत होती. स्टुलावर उभी, तिचं पोट माझ्या खांद्याला टेकलेलं. मी कुजबुजत होते, तीही कुजबुजत होती.

सगळ्या लावून झाल्यावर ती स्टुलावरून उतरली, मागं सरकली आणि बराच वेळ पाहत राहिली.

"आई, ह्यायले एकटं राह्याचं भेव लागते का?"

मी पाहिलं. एकही टिकली एकटी नव्हती. प्रत्येक लालशेजारी एक हिरवी होती, प्रत्येक हिरवीशेजारी एक निळी. भोपळ्याचा वेल कुंपणावरून कुंपणावर जावा तशी ती मदत बीडहून यवतमाळला, तिथून इकडे सरकली होती. मी हजेरीपट उघडला. एक संस्था तीन वर्षं यादीत दिसे आणि मग गळून जाई. चौथं वर्ष नऊ वर्षांत एकालाही मिळालेलं नव्हतं. आणि ती गळाली की पुढच्या यादीत तिच्या आसपास एक नवं नाव उगवलेलं असे. एकाच्या जागी एकच.

यवतमाळकडच्या एका जुन्या नावाचा नंबर मी शोधून काढला आणि फोन लावला. पलीकडे एक बाई भाजी चिरत बोलत होत्या, सुरीचा आवाज येत होता. मी विचारलं, तुम्ही फॉर्म भरला होता का. त्या म्हणाल्या, भरला ना, सगळं ठरल्यावर. आधी बीडच्या ताईंनी त्यांचं नाव सांगितलं होतं. तिसरं वर्ष संपत आलं की पुणेवाले विचारतात, तुमच्या आसपास असं काम मनापासून कोण करतंय, एक नाव द्या. एकच. मग त्यांनी कुणाचं दिलं असं मी विचारलं. जामजवळच्या कोकिळाबाईंचं, त्या म्हणाल्या, आणि तिचंही तिसरं वर्ष आता सरत आलं असन.

जामच्या चौकापाशी नकाशावर निळी टिकली होती. सगळ्यात शेवटची, आणि आमच्या गावापासून जेमतेम बोटाच्या दोन पेरांवर. मला वाटलं आत्ता ओरडावं. बावीस पोरं झोपलेली होती म्हणून नाही ओरडले.

संध्याकाळी भाकरी थापताना मी कोकिळाबाईंचं नाव काढलं आणि सासूबाईंचा हात परातीतच थांबला. त्यांनी बाहेर ओट्याकडे पाहिलं. मामाजी तिथं तुरीच्या शेंगा निवडत होते.

मग त्यांनी मला हळू आवाजात सांगितलं. सात वर्षांपूर्वी, मी लग्न होऊन यायच्या आधी, मे महिन्यात भर दुपारी ही कोकिळा आली होती. एसटी चुकली म्हणून फाट्यापासून चालत. ढाब्यावर भांडी घासणाऱ्या बायांच्या पोरांसाठी तिला असंच घर काढायचं होतं. पोरं कशी ठेवता, काय खाऊ घालता, वही कशी लिहिता, एवढं पाहू द्या म्हणाली. मामाजींना वाटलं ही आपलं काम उचलून आपलं नाव करायला आली. त्यांनी वही दाखवली नाही, आत येऊ दिलं नाही. ओट्यावरूनच परत पाठवलं.

"पाणीई नाई विचारलं तिले," सासूबाई मोठ्यानं म्हणाल्या, बाहेर ऐकू जाईल असं. "आपल्या दारातून कुत्रं तहानलं जात नाई. अन् ते बाई गेली."

शेंगा निवडायचा आवाज बंद पडला.  रात्री मामाजी जेवायलाही नीट बसले नाहीत. सकाळी मी जामला निघताना मात्र एसटीच्या वेळा त्यांनीच सांगितल्या, माझ्याकडे न पाहता.

त्या दिवशी पाळणाघर सासूबाईंनी सांभाळलं. काजल मागं राहीना म्हणून तिला घेतलं. हिंगणघाटला बदलून जामला उतरलो तेव्हा अकरा वाजले होते. हमरस्त्याला ट्रकांची रांग, डिझेलचा आणि तळलेल्या भज्यांचा वास. ढाब्यांच्या मागं पत्र्याच्या एका लांब खोलीत कोकिळाबाईंचं पाळणाघर. बाहेरच्या बाकावर एक म्हाताऱ्या बाई आधीच बसलेल्या होत्या. पायांना विटांची लाल धूळ. त्यांच्या पायाशी तीनेक वर्षांची मुलगी उन्हात, उघड्या जमिनीवर गाढ झोपली होती, केस धुळीनं तांबूस झालेले. काजल तिच्याजवळ उकिडवी बसली.

"हे इथीच काऊन निजली?"

"हिले जागा लागत नाई, बाई," त्या म्हणाल्या. "हे विटाईच्या आडोशाले निजते."

त्या प्रमिलाबाई. समुद्रपूरकडच्या एका वीटभट्टीवर त्या स्वतः विटा थापत आणि मजुरांची अठरा पोरं एका ताडपत्रीखाली सांभाळत. त्यांनी मला विचारलं, मी कशाला आले. मी सांगितलं. त्यांनी मान हलवली. आम्ही दोघी एकाच नावासाठी आलो होतो, हे दोघींनाही कळलं. त्यांनी बाकावर सरकून मला जागा दिली.

कोकिळाबाई बाहेर आल्या. पन्नाशीच्या, उंच, साडीचा पदर कमरेला खोचलेला. मी गाव सांगितलं, घर सांगितलं. त्यांचा चेहरा हलला नाही. त्या आत वळून मोठ्यानं म्हणाल्या,

"बापूरावच्या सुनेले पाणी आणा व. दोन गिलास आणजा, लांबून आली ते."

आतल्या बाया दारात येऊन पाहायला लागल्या. कान तापले माझे. मी दोन्ही ग्लास प्यायले, शेवटच्या थेंबापर्यंत, आणि मग सांगायला लागले. हजेरीपट उघडला. नऊ वर्षं, सगळी नावं, टिकल्या, वेल, सगळं. मामाजींच्या वतीनं माफी मागायला सुरुवात केली तर त्यांनी हातानं थांबवलं.

"ज्याचं त्यानं बोलावं. तू हे सगळं मोबाईलवर पाहून काढलं?"

"हो जी. दुपारी. पोट्टे निजले की."

त्यांनी हजेरीपट हातात घेतला. सातारा जिल्ह्याचा पिवळा डाग पाहिला. तेव्हा पहिल्यांदा त्या किंचित हसल्या.

"एकच नाव देता येते मले. जानेवारी सराच्या आत. प्रमिलाबाईकडं मी जाऊन आली. तुमच्याकडं मंगळवारी येतो. पाह्याले येतो, देतो म्हटलं नाई."

परतीच्या एसटीत काजल माझ्या मांडीवर झोपली. तिची ओढणी कुठंय म्हणून पाहिलं तर नव्हती. ती तिनं त्या मुलीच्या अंगावर घातली होती. मी पूर्ण रस्ताभर प्रमिलाबाईंचा विचार केला. त्यांच्याकडे ओसरीसुद्धा नव्हती. तरी हिंगणघाट येईपर्यंत मी ठरवलं होतं की मागे हटायचं नाही. अंकितचा चेहरा डोळ्यांपुढे ठेवला आणि ठरवलं.

मंगळवारपर्यंत चार दिवस होते. चौथ्या वर्षी काय, हे कोकिळाबाई विचारणार हे मला त्या हजेरीपटानंच सांगितलं होतं. पंचफुला वेचणीच्या टोळीची मुकादम आहे. शेतकऱ्याशी गुत्ता, म्हणजे वेचणीचा ठेका, तीच ठरवते. मी तिला धरलं. दोघी संध्याकाळी नऊ शेतकऱ्यांच्या घरी गेलो. काहींनी ओट्यावर उभं ठेवलं. एकानं विचारलं, पोट्टे आमचे हायेत का? पंचफुला म्हणाली, "नाई जी, पण बाया तुमच्याच पऱ्हाटीत हायेत. पोट्टं धुऱ्यावर रडलं तं हात कुठी चालते?" डोमाजी भाजीवाला माळी, जिभेचा तिखट. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, पोट्टे माझ्या वांग्यात शिरून रोपं तुडवतात, त्यापेक्षा दर मंगळवारी टोपलंभर भाजी नेत जा. सात घरं हो म्हणाली. कुणी तुरीची डाळ, कुणी ज्वारी. पंचफुलानं ठरवून टाकलं की यापुढं गुत्ता बोलताना दर बोलायचा तसा पाळणाघराचा वाटाही बोलायचा, आणि जो देणार नाही त्याची वेचणी शेवटी.

मंगळवारी कोकिळाबाईंची एसटी अकराची होती. मामाजी नऊ वाजताच फाट्यावर जाऊन बसले. धुतलेलं धोतर, टोपी, हातात पाण्याचा गडवा आणि त्यावर पालथा ग्लास. मी काजलला पाठवलं होतं आणि मागाहून स्वतःही गेले. पानठेल्यावरच्या पोरांनी विचारलं, काय बापूराव, पानपोई लावली का?  पाण्यात धूळ जाऊ नये म्हणून ते ग्लासावर हात धरून बसले.

एसटी थांबली. कोकिळाबाई उतरल्या. मामाजी उठले, ग्लास भरला आणि दोन्ही हातांनी पुढं केला. थोडं पाणी सांडलं.

"बाई, तवा मी चुकलो."

सगळा फाटा पाहत होता. कोकिळाबाईंनी ग्लास घेतला, उभ्या उभ्या रिकामा केला आणि परत पुढं धरला.

"आणखी द्या. त्या मे महिन्यातलं बाकी हाये."

मामाजींनी भरला. त्या तोही प्यायल्या. मग दोघं पुढं चालू लागले आणि मी आणि काजल मागून.

घरी आल्यावर मामाजींनी अकरा वर्षांच्या वह्या ओट्यावर आणून ठेवल्या, एकावर एक. काय पाह्याचं ते पाहा, लिहून घ्याचं ते घ्या, म्हणाले. कोकिळाबाईंनी एकच उघडली, दोन पानं वाचली आणि मिटली. मग त्या पोरांमध्ये जाऊन बसल्या. खिचडी खाल्ली. पोरं झोपली तेव्हा त्या नकाशापुढं उभ्या राहिल्या, निळ्या टिकलीवर बोट ठेवून. आपण अशा दिसतो तर, अशा चेहऱ्यानं.

"अन् चौथ्या साली काय करान?" त्यांनी मला विचारलं.

मी सांगायच्या आत पंचफुला मागच्या दारानं आली. शेतातून तशीच, कमरेची कापसाची ओटी भरलेली. ती अंकितला पाजायला दुपारी येते. पोर पदराखाली घेऊन तिनंच सगळं सांगितलं, सात घरं, डोमाजीचं टोपलं, शेवटची वेचणी. त्याच वेळी डोमाजीची बायको डोक्यावर वांगी आणि मेथी घेऊन आली. हे काही मी ठरवलेलं नव्हतं. मंगळवार होता.

"माझ्याकडून तीन वर्षांत हे नाई झालं," कोकिळाबाई म्हणाल्या. एवढंच. नाव कुणाचं देणार, ते मी विचारलं नाही. मामाजी पुन्हा गडवा घेऊन त्यांना एसटीपर्यंत पोचवायला गेले.

जानेवारीचे उरलेले दिवस मी मोबाईल उशाशी, पोळपाटापाशी, पोरांच्या न्हाणीपाशी ठेवला. ओल्या हातानं उचलायचा म्हणून पदराला हात पुसून पुसून पदर कायम ओला. तुरी सोंगून झाल्या, कापसाची शेवटची वेचणी आली. नागसेन जिनिंगवरून आले की आधी माझ्या तोंडाकडे पाहत आणि मग सायकल टेकवत.

तीस तारखेला दुपारी दोन वाजता फोन वाजला. मी पहिल्याच घंटीला उचलला, पोरं उठू नयेत म्हणून.

"नाव पाठवलं," कोकिळाबाई म्हणाल्या. "तुमचं. ते फेब्रुवारीत पाह्याले येतीन. घाबरू नको, जसं हाये तसं दाखवजो. प्रमिलाबाईले मी स्वतः जाऊन सांगतो." आणि मग, "तुझ्या सासऱ्याले सांगजो, उन्हाळ्यात येतो मी. पाणी थंड ठेवा म्हणा."

मी फोन ठेवला. सासूबाईंनी माझं तोंड पाहिलं आणि डब्यातला गुळाचा खडा माझ्या तोंडात कोंबला, काही न विचारता. मामाजी दारात उभे होते. पोरं झोपलेली म्हणून मी फक्त मान हलवली. ते ओट्यावर जाऊन खाली बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

काजलनं पाकीट आणलं. आता पिवळी, ती म्हणाली, नवं वर्ष नवा रंग. अजून पाहायला यायचे आहेत, थांब, असं मी म्हणणार होते. म्हटलं नाही. तिला स्टुलावर चढवलं, तिनं जीभ बाहेर काढून आमच्या गावावर टिकली दाबली आणि अंगठ्यानं घासली. निळीशेजारी पिवळी. मग पाकिटात पाहिलं. आणखी पिवळ्या होत्या.

"आता त्या आजीची. विटाईवाल्या."

मी तिला खाली घेतलं, कडेवर. तशी ती जड झाली आहे आता. तिच्या कानात सांगितलं की त्या आजीची आत्ता नाही लावता येत. ते लोक एका वेळी एकच नाव विचारतात. आपलं तिसरं वर्ष येईल तेव्हा आपल्याला विचारतील, आणि तेव्हा आपण पहिलं नाव त्या आजीचंच सांगू. हे मी एसटीतून येतानाच ठरवलं होतं, आणि खरंच ठरवलं होतं.

"तिसरं वर्ष कवा येते?"

"तू तिसरीत जाशीन तवा."

काजलनं ओसरीकडे पाहिलं. दोन ओळी, बावीस पोरं, सतरंजीवर, पांघरुणाखाली. अंकितचा अंगठा तोंडात. तिनं टिकली बोटाच्या टोकावर धरलेली होती, चिकटण्याच्या बाजूनं वर.

"मंग तवर ते पोरगी दुपारी कुठी निजन?"